मुलाच्या ताब्याचा खटला आणि बाल कल्याण समिती : कोणाचे काम काय?

बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयात नवरा-बायकोचा खटला चालू असतो, तारखांमागून तारखा पडत असतात, आणि अशातच एखाद्या दिवशी घरी भलत्याच कार्यालयाचे कन्नड पत्र येते किंवा दारात दोन माणसे उभी राहून सांगतात की आम्ही जिल्हा बाल संरक्षण घटकाकडून आलो आहोत, मुलाला भेटायचे आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतल्या मराठी घरांत त्या वेळी उडणारी धांदल समजण्यासारखी आहे. खटला कोर्टात आहे, मग हे कोण? यांनी मूल उचलून नेले तर? हातात दिलेल्या कागदावर सही करायची की नाही? शेजारीपाजारी जे सल्ले देतात त्यांतले निम्मे तरी चुकीचे असतात, कारण न्यायालय, समिती, पोलीस आणि महिला-बालविकास खाते यांची कामे लोकांच्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. ती वेगळी करून पाहिली, तर बरीचशी भीती कमी होते. आणि जिथे खरोखरच सावध राहायला हवे ती जागाही दिसू लागते.

ताबा, पालकत्व आणि भेट

मुलाबाबतच्या वादात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार. शाळेचा दाखला, बँकेचे खाते, मुलाच्या नावावरची जमीन हे त्यात येते. ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहते, कोणाच्या हातचे जेवते, तापाने फणफणले तर रात्री कोण जागते. भेट म्हणजे ज्याच्याकडे ताबा नाही त्या आईने किंवा वडिलांनी मुलाला ठरलेल्या वेळी भेटणे, सुट्टीत काही दिवस जवळ ठेवणे, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलणे. ताबा एकाकडे आणि भेटीचा हक्क दुसऱ्याकडे असणे ही न्यायालयातली नित्याची व्यवस्था आहे. ताबा गेला म्हणजे मूल गेले, असा अर्थ काढून लोक हाय खातात, त्याला आधार नाही.

यासाठीचे कायदे जुने आहेत. पालक आणि पाल्य कायदा १८९० सालचा आहे आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणे) व पालकत्व कायदा आहे. त्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहील असे म्हटले आहे. त्याच कायद्यात वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई नैसर्गिक पालक, अशी भाषा आहे. मात्र वडील मुलाची काळजी घेत नसतील किंवा ते त्याच्या आयुष्यातच नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. आणि या सगळ्यांच्या वर एक कसोटी आहे, ती म्हणजे मुलाचे हित. आईचा हक्क, वडिलांचा हक्क, कमाई कोणाची जास्त, घर कोणाचे मोठे, हे सगळे त्या कसोटीच्या खाली येते. मुले ही आईवडिलांच्या मालकीची वस्तू नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे.

हे खटले १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली चालतात. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द पोहोचत नाही तिथे हेच काम दिवाणी किंवा जिल्हा न्यायालय करते. या न्यायालयाने आधी तडजोडीचा प्रयत्न करणे कायद्यानेच बंधनकारक आहे, सुनावणी बंद दाराआड ठेवता येते, आणि समुपदेशक, डॉक्टर, समाजकल्याणाचे काम करणारी व्यक्ती यांची मदत घेता येते. ही मदत घेण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे. घरी आलेली ती दोन माणसे बहुधा या वाटेने आलेली असतात, पण दुसरीही एक वाट आहे.

बाल कल्याण समिती म्हणजे कोण

बाल न्याय कायदा २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बाल कल्याण समिती असावी लागते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक महिला. समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसावे आणि अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावेत, असे कायदा सांगतो. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, त्यामुळे 'ती काय, साधी कमिटी आहे' असे समजून तिच्या पत्राकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. आपल्याकडे येणाऱ्या कन्नड पत्रावर तिचे नाव 'मक्कळ कल्याण समिती' असे असते. जिल्हा बाल संरक्षण घटक हा तिचा हातपाय चालवणारा विभाग. चौकशी करणे, घरभेट देणे, अहवाल लिहिणे ही कामे त्याची. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली हे सगळे चालते, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आता ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे.

समितीचे काम ठरलेले आहे : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल. रस्त्यावर राहणारे, कामाला जुंपलेले, हरवलेले, ज्याच्याबरोबर राहते त्याच माणसाकडून मारहाण किंवा अत्याचार सोसणारे, किंवा ज्याचे आईवडील त्याला सांभाळण्यास असमर्थ वा अयोग्य आहेत असे समितीला आढळले आहे असे मूल. समितीपुढचा प्रश्न एवढाच असतो की हे मूल आज, आत्ता सुरक्षित आहे का. मूल आईकडे राहावे की वडिलांकडे, हा प्रश्न तिच्यापुढे नसतोच. आईवडील दोघेही धडधाकट आहेत, दोघांनाही मूल हवे आहे आणि भांडण फक्त कोणाकडे ठेवायचे याचे आहे, तर समितीने त्यात निवाडा करायचा नसतो. तो न्यायालयाचा प्रांत आहे, आणि उच्च न्यायालयांनी ही रेष वेळोवेळी आखून दिली आहे.

बांधाच्या वादात कोर्ट मोजणीदाराला पाठवते. तो शेतावर येतो, खुणा पाहतो, मोजतो, नकाशा काढतो आणि परत जातो. जमीन कोणाची हे तो ठरवत नाही, पण त्याचा नकाशा चुकला तर पुढे निकालही चुकण्याची भीती असते. ताब्याच्या खटल्यात बाल संरक्षण घटकाचा अहवाल असाच असतो. न्यायालय तो वाचते, त्यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकते, पटला तर विचारात घेते, नाही पटला तर बाजूला ठेवते.

घरभेटीत नेमके काय पाहतात

समाजसेवक घरी येतो तेव्हा घर मोठे आहे की लहान, फरशी आहे की शेणाने सारवलेली जमीन, याला लोक समजतात तेवढे महत्त्व नसते. मूल झोपते कुठे, कोणाजवळ, ते तो पाहतो. दप्तर उघडून वह्यांवर शेवटची तारीख कोणती आहे, गृहपाठावर कोणाची सही आहे ते पाहतो. शाळेत जाऊन हजेरीपट बघतो, सोडायला-आणायला कोण येते हे वर्गशिक्षकांना विचारतो. लसीकरणाचे कार्ड, चालू औषधे, अंगणवाडीत असेल तर वजनाची नोंद. घरात दारू आहे का, आवाज चढतात का, आजी-आजोबा आहेत का, आई कामाला गेल्यावर मूल कोणाजवळ असते. मग मुलाशी एकट्याने बोलतो. हा एकांत घरच्यांना खटकतो, पण तो आवश्यक असतो. समोर आई उभी असताना सात वर्षांचे पोर वडिलांबद्दल खरे सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अशा वेळी घर सजवू नये आणि मुलाला पढवूही नये. पढवलेले मूल अनुभवी माणसाला दोन वाक्यांत ओळखू येते. 'पप्पा आमच्या चरितार्थाची तरतूद करत नाहीत' असे वाक्य दुसरीतल्या मुलाच्या तोंडी आले, की अहवालात पढवल्याची नोंद होते आणि फटका पढवणाऱ्यालाच बसतो. आलेल्या माणसाचे ओळखपत्र मागणे, कोणाच्या आदेशावरून आले हे विचारणे आणि आदेशाची प्रत मागणे, यात मात्र काही गैर नाही. उलट तेच पहिल्यांदा करावे, कारण न्यायालयाच्या आदेशावरून झालेली भेट आणि कोणाच्या तक्रारीवरून समितीने सुरू केलेली चौकशी या दोन्हींचे पुढचे टप्पे निराळे आहेत.

'हे लोक मूल उचलून नेतील का?'

न्यायालयाने अहवाल मागवल्यामुळे भेट झाली असेल, तर नाही. भेट देणाऱ्या माणसाला मूल सोबत नेण्याचा अधिकार नसतो.

तक्रारीवरून चौकशी सुरू झाली असेल आणि मुलाला खरोखर धोका आहे असे दिसले, तर मूल समितीपुढे हजर केले जाते, तेही २४ तासांच्या आत. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येते. त्यानंतर सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, अशी कालमर्यादा कायद्यात आहे. मुलाला बालगृहात ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, कुटुंबात परत पाठवणे हे पहिले उद्दिष्ट आहे, असे या कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेले आहे. समितीचा आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते. ही मुदत भांडणाच्या धामधुमीत निघून जाते, म्हणून आदेश हातात पडला की त्यावरची तारीख आधी पाहावी.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवणे बंधनकारक आहे, आणि आरोपी मुलाच्या घरातच राहत असेल तर मुलाला तिथून हलवायचे की नाही हे समितीला तीन दिवसांत ठरवावे लागते. तिथे ताब्याचा खटला चालू आहे, ही सबब चालत नाही.

'घरच्या भांडणात सरकार कशाला?'

हा आक्षेप आपल्याकडे फार जोरात घेतला जातो, विशेषतः थोरल्या पिढीकडून. पूर्वी भाऊबंद, पाहुणे, गावातली चार शहाणी माणसे बसून मार्ग काढत, हे खरे आहे, आणि आजही अनेक भांडणे तशीच मिटतात. पण त्या बैठकीत मुलाला कोणी विचारत नसे. पोरगा वंशाचा म्हणून बापाकडे, पोरगी आईच्या मागे, असा निवाडा व्हायचा. पोरांच्या मनात काय आहे याची चौकशी क्वचितच. सरकारी माणसाच्या घरभेटीत कितीही कोरडेपणा असला, तरी निदान मुलाला बाजूला घेऊन कोणीतरी प्रश्न विचारतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : समितीचा वापर शस्त्रासारखा होतो. खटल्यात बाजू पडती दिसली की एक बाजू समितीकडे धाव घेते, मारहाणीची, उपासमारीची किंवा त्याहून भयंकर तक्रार करते आणि त्या चौकशीचे कागद पुढच्या तारखेला कोर्टात ठेवते. असे घडते, यात शंका नाही. पॉक्सोत केवळ बदनामी, धमकी किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने खोटी तक्रार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. मात्र प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा होत नाही. मला विचाराल तर खोट्या तक्रारीची खरी किंमत कायद्याच्या कलमात नाही. सहा वर्षांच्या मुलाला तीन वेगवेगळ्या खोल्यांत तीन अनोळखी माणसांनी तोच प्रश्न विचारला, तर त्याचा जो परिणाम होतो त्याची भरपाई कोणत्याच दंडाने होत नाही. आणि न्यायालयेही आता हे पाहू लागली आहेत : मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी जाणूनबुजून विष कालवणे ही ताब्याच्या निर्णयात विरोधात जाणारी बाब ठरू शकते.

सीमेची गाठ

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. समजा, खानापूर तालुक्यातली मुलगी गडहिंग्लजला दिली. पटले नाही, ती मुलाला घेऊन माहेरी आली, मुलाचे नाव इथल्या मराठी शाळेत घातले. सोयरीक करताना राज्याची सीमा आडवी आली नव्हती. खटला भरताना येते.

ताब्याचा अर्ज कुठे करायचा, तर १८९० च्या कायद्यानुसार मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या न्यायालयात. मे महिन्याच्या सुट्टीत मूल आजोळी आले आणि आईने त्याला परत पाठवलेच नाही, तर तेवढ्याने त्याचे राहण्याचे ठिकाण बदलले का, हा वादाचा मुद्दा होतो. शाळेतली नोंद, रहिवासाचा काळ, कोणत्या कारणाने आले, हे सगळे पाहून न्यायालय ठरवते. म्हणून पहिल्या दोन-तीन तारखा अनेकदा मुलाच्या हिताऐवजी 'हे कोर्ट की ते कोर्ट' यातच जातात.

नवऱ्याने गडहिंग्लजला खटला भरला आणि बायकोला तो बेळगावला हवा असेल, तर तो हलवण्याचा अधिकार ना बेळगावच्या न्यायाधीशांना आहे, ना धारवाडच्या खंडपीठाला, ना कोल्हापूरच्या सर्किट बेंचला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला वर्ग करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ नुसार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. एसटीने सकाळी निघून दुपारी परत येता येईल एवढ्या अंतरावरचा खटला सीमेपलीकडे न्यायचा तर अर्ज दिल्लीला करावा लागतो. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यानंतर सीमाभागात 'आता आपले काम कोल्हापुरात होईल' असा समज पसरला. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, त्यामुळे तो स्वाभाविकही होता. पण ते बेंच महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांसाठी आहे. बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचे अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठातच जाते, आणि तेही ३० दिवसांच्या आत.

एका बाबतीत मात्र सीमा आडवी येत नाही. राज्यघटनेच्या कलम २६१ नुसार दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशात कुठेही अमलात आणता येतो. 'कर्नाटकाच्या कोर्टाचा आदेश आम्हाला लागू नाही' असे कोणी सांगितले तर ते साफ चूक आहे. समितीच्या पातळीवरही तशी सोय आहे : बेळगावच्या समितीपुढे आलेले मूल मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले असेल, तर तिथल्या समितीशी बोलून, चौकशी करून त्याला तिकडे सोपवता येते.

कन्नड कागद आणि मराठी मूल

इथल्या खालच्या न्यायालयांचे आणि समितीचे कामकाज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत चालते. मोठ्यांचे निभावते, बेळगावात मराठी जाणणारे वकील पुष्कळ आहेत. अडचण मुलाची होते. मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलाला समाजसेवकाने कन्नडमध्ये विचारले, 'अप्पा होडीतारा?' म्हणजे वडील मारतात का, तर ते मूल मान डोलवते, कधी 'हौदु' म्हणते, कधी गप्प बसते. त्या मान डोलवण्याचा अर्थ अहवालात काय उतरेल, हे सांगता येत नाही. अशा वेळी पालकाने समितीला किंवा न्यायालयाला लेखी अर्ज द्यावा की मुलाशी मराठीत बोलणारी व्यक्ती किंवा दुभाषी असावा. बाल न्याय कायद्याखालच्या नियमांत आणि पॉक्सो कायद्यात दुभाष्याची सोय आहे. ती मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही. मोठ्यांनीही आपला जबाब मराठीत वाचून दाखवायला सांगावा आणि समजल्यावरच सही करावी. 'सही करा, नंतर बघू' असे म्हणणारा कारकून नंतर काही बघत नसतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. पुरुषांना ही सोय सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत असल्यास मिळते.

मुलाला विचारतात का?

विचारतात. मूल समजूतदार वयाचे असेल तर त्याच्या पसंतीचा विचार करता येतो, असे १८९० चा कायदाच सांगतो. ठराविक वय लिहिलेले नाही. न्यायाधीश बहुतेक वेळा मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावतात आणि आईवडील बाहेर थांबतात. पण पसंती म्हणजे निकाल नव्हे. वडिलांनी मोबाइल घेऊन दिला म्हणून वडील हवेत, असे म्हणणाऱ्या मुलाचे ऐकून घेतले जाते आणि मग मोबाइलच्या पलीकडे काय आहे ते पाहिले जाते.

विधी आयोगाने २०१५ मधल्या आपल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याचा, म्हणजे दोघांनीही मुलाचे संगोपन वाटून घेण्याचा पर्याय कायद्यात आणावा अशी शिफारस केली होती. कायदा अजून तसा बदललेला नाही, तरी अनेक न्यायालये तडजोडीत हा मार्ग सुचवतात. बेळगाव आणि चंदगड एवढ्या अंतरात तो चालूही शकतो. शाळा एकाच ठिकाणी ठेवून शनिवार-रविवार दुसरीकडे, गणपतीत एकाकडे आणि दिवाळीत दुसऱ्याकडे, असे ठरवता येते. ठरवताना मूल कोणत्या स्टँडवर, किती वाजता, कोणाच्या हाती द्यायचे हेही आदेशात लिहून घ्यावे, कारण नंतरची बहुतेक भांडणे त्या स्टँडवरच होतात.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. चार वर्षांच्या मुलासाठी दिलेला आदेश ते बारा वर्षांचे झाल्यावर, आईने दुसरे लग्न केल्यावर, वडिलांची बदली झाल्यावर किंवा भेटी सतत चुकवल्या गेल्यास बदलून मागता येतो. अर्ज सहसा त्याच न्यायालयात करावा लागतो. मूल दरम्यान सीमेपलीकडे राहायला गेले असेल, तर कोणत्या न्यायालयात जायचे हे वकिलाकडून आधी ठरवून घ्यावे, आणि अर्जासोबत शाळेचा सध्याचा दाखला जोडावा.